माळ्यावरचा स्टिरिओ: आधी प्लग लावू नका

जुना स्टिरिओ माळ्यावरून खाली आला की पहिल्या पाच मिनिटांत घरातलं कुणीतरी हमखास एक गोष्ट करतं. ओल्या फडक्यानं धूळ पुसतं, प्लग लावतं आणि म्हणतं, "बघू तरी, चालतोय का." वीस-पंचवीस वर्षं निजलेला सेट मरायला एवढी चौकशी पुष्कळ होते. माळ्यावर पडून राहिल्यानं जेवढे सेट गेले नसतील, तेवढे या उत्साहानं गेले असतील असं माझं मत आहे. म्हणून आधी विनंती: प्लगला हात लावू नका, वायर गुंडाळूनच ठेवा, आणि हा लेख वाचून होईपर्यंत थांबा.

मुंबईच्या दहिसर-बोरिवलीत असे सेट अजून निघतात, याला कारण आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींतून कितीतरी मराठी कुटुंबं स्वतःच्या 'वन रूम किचन'साठी इकडे सरकली. नव्या घराला हॉल होता, हॉलला शोकेस होती आणि शोकेसमध्ये मधोमध काय ठेवायचं, हा प्रश्न होता. टीव्ही यायच्या आधी त्या जागेवर रेडिओग्राम किंवा स्टिरिओ बसला. बाहेरच्या देशातला माल तेव्हा सहज येत नव्हता. आयातीवरचे निर्बंध सैल झाले ते १९९१ नंतर. त्यामुळे घरातला सेट बहुधा तीनांपैकी एका जातीचा असतो. एक, कळव्याला कारखाना असलेली फिलिप्स किंवा ठाण्याची मर्फी यांसारख्या मोठ्या नावाचा. दोन, एखाद्या औद्योगिक गाळ्यात आठ-दहा माणसांनी जुळवलेला, पुढे चकचकीत ॲल्युमिनियमची पट्टी आणि त्यावर कुणाला न आठवणारं नाव. तीन, 'फॉरेनचा', म्हणजे आखातात नोकरीला गेलेल्या काकांनी किंवा बोटीवरच्या मामांनी आणलेला जपानी. तिघांची दुखणी वेगळी असतात, पण तपासायचा क्रम एकच. आणि या कामात क्रम हीच निम्मी विद्या आहे.

या लेखापुरता दुसऱ्या जातीचा सेट डोळ्यांसमोर ठेवू, कारण त्याला वाली कुणी नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर, लाकडी खोक्यातले दोन स्पीकर, वर झाकणाचा रेकॉर्ड प्लेअर.

पहिलं काम उघडण्याचं. स्क्रू काढा, वरचा पत्रा उचला आणि कुठेही बोट न घालता नुसतं बघा. मग वास घ्या. जळका वास वर्षानुवर्षं टिकतो. ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग कधी भाजलं असेल, तर नाकाला आधी कळतं. झुरळांची अंडी, पालीचा सांगाडा, उंदरानं कुरतडलेली वायर हे सगळं अपेक्षित धरा. फ्यूज बघायला विसरू नका. काचेच्या नळीतल्या फ्यूजवर कुणीतरी वायरमधली तांब्याची तार गुंडाळून ठेवलेली आढळली, तर समजा की हा सेट पूर्वी वारंवार फ्यूज उडवत होता आणि कुणीतरी रोग सोडून थर्मामीटर फोडला होता. तार काढा, छापलेल्या आकड्याचा फ्यूज आणा. दोन पिनांची कडक झालेली वायर कापून नवी घाला. मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा, जवळून, भरपूर उजेडात. पुढे कुठली वायर कुठे होती हे आठवणीवर सोडायचं नाही.

मागची पट्टी वाचा. जपानी सेट असेल तर तिथे १००, ११०, २२० किंवा २४० व्होल्ट असं काहीतरी लिहिलेलं असतं. १०० व्होल्टचा, फक्त जपानसाठी बनलेला सेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात गेला की पुढची दुरुस्ती ट्रान्सफॉर्मरपासून सुरू होते. निवडीचा खटका असेल तर तो शेवटच्या म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्यावर ठेवा. व्होल्टेजच्या शेजारी हर्ट्‌झचा आकडाही असतो, त्याकडे रेकॉर्ड प्लेअरच्या वेळी परत येऊ.

आता वीज द्यायची, पण थेट नाही. मेकॅनिकच्या टेबलावर एक लाकडी बोर्ड तुम्ही पाहिला असेल: एक होल्डर, त्यात बल्ब आणि शेजारी सॉकेट. याला 'सिरीज लॅम्प' म्हणतात. वीज आधी बल्बमधून आणि मग सेटमधून जाते. बल्ब तारेचाच हवा, जुना पिवळा, शंभर वॅटचा. एलईडी इथे कामाचा नाही. गंमत त्या तारेत आहे. थंड असताना तिचा रोध जेमतेम चाळीसेक ओहम असतो, तापून पांढरी झाली की तो पाचशेच्या वर जातो. सेट धड असेल तर त्याला फारशी वीज लागत नाही. तार थंडच राहते आणि जवळजवळ सगळं व्होल्टेज सेटला मिळतं. आत कुठे शॉर्ट असेल, तर वीज वेगानं धावू बघते, तार तापते, रोध वाढतो आणि सगळा भार बल्ब स्वतःवर घेतो. ॲम्प्लिफायर न जळता खोली उजळते. शंभर वॅटचा बल्ब कितीही झालं तरी अर्ध्या ॲम्पिअरच्या आतच वीज जाऊ देतो.

स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून बटण दाबा आणि बल्बकडे बघा. क्षणभर लख्ख पेटून तो मंदावला, तर शुभ. ती पहिली झळाळी म्हणजे आतले मोठे कॅपॅसिटर भरत असल्याची खूण. पेटला आणि तसाच राहिला, तर ताबडतोब बंद करा: पॉवर ट्रान्झिस्टर, डायोड किंवा मोठा कॅपॅसिटर यांपैकी काहीतरी शॉर्ट आहे. पेटलाच नाही, तर फ्यूज, खटका किंवा ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग तुटलेलं आहे. स्वस्तातल्या काचेच्या गोळ्यानं सांगितलेलं हे निदान महागड्या मीटरनंही इतक्या झटपट होत नाही.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो. २३० व्होल्ट हा खेळ नाही. ज्याला घरातला स्विचबोर्ड उघडायची सवय नाही, त्यानं इथपर्यंतचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावं आणि शेजारी बसून बघावं. बघण्यातही पुष्कळ शिकायला मिळतं.

पण बल्ब मंदावला तरी मी लगेच पुढे जाणार नाही, आणि याचं कारण आहे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. जुने मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात. ॲल्युमिनियमच्या डबीत ॲल्युमिनियमचाच पातळ पत्रा गुंडाळलेला असतो, मध्ये एका द्रावणात भिजलेला कागद. विजेला अडवणारा पडदा म्हणजे त्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर, इतका पातळ की डोळ्याला दिसत नाही. सेट वापरात असतो तोवर वीजच हा थर डागडुजी करून जागेवर ठेवते. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की थर विरतो. अशा वेळी पूर्ण व्होल्टेज एकदम दिलं, तर वीज थरातून गळते, द्रावण तापतं, वाफ होते आणि डबी फुगते किंवा फुटते. हळूहळू दिलं, तर तीच वीज थर पुन्हा उभा करते. म्हणून मेकॅनिक व्होल्टेज कमी-जास्त करणारा डिमरस्टॅट वापरतात: पन्नास व्होल्टपासून सुरुवात, थोडा थोडा वेळ थांबत वर, दोन-तीन तासांत २३० पर्यंत. मध्येमध्ये वीज बंद करून कॅपॅसिटरच्या अंगाला हात लावून बघायचा. कोमट लागला तर तो गेला, बदलायचा. एक ध्यानात ठेवा, डिमरस्टॅटवर काटा वीस व्होल्टवर असला, तरी त्याची एक तार थेट मेनशी जोडलेलीच असते. काटा खाली आहे म्हणून आत हात घालायचा नसतो.

मोठे कॅपॅसिटर वीज बंद केल्यावरही भरलेले राहतात. काही जण स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवून ठिणगी पाडतात. त्यात मर्दुमकी असेल, शहाणपण नाही. एक किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टर चिमट्यांनी दोन टोकांना लावा. ४७०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर अर्ध्या मिनिटात रिकामा होतो. मीटरनं खात्री करा, मगच बोटं आत.

आता मोजमाप. आपल्या डोळ्यांसमोरचा ॲम्प्लिफायर एकेरी सप्लायचा आहे, त्या काळच्या देशी सेटांत ही रचना खूप दिसे. ट्रान्सफॉर्मरमधून समजा ४० व्होल्ट एसी येतात. डायोड आणि मोठ्या कॅपॅसिटरनंतर त्याचे ५५ व्होल्टांच्या आसपास डीसी होतात. आवाज पेलणारे ट्रान्झिस्टर दोन, एक वरचा, एक खालचा. बहुतेक वेळा लोखंडी टोपीचे २एन३०५५. दोघांच्या सांध्यावर मीटर लावला की सप्लायच्या बरोबर निम्मं व्होल्टेज दिसलं पाहिजे, सत्तावीस-अठ्ठावीस. हा एक आकडा सगळ्या ॲम्प्लिफायरची नाडी आहे. निम्मं आलं, तर डावा किंवा उजवा तो अख्खा चॅनेल बव्हंशी ठीक. शून्याजवळ किंवा पंचावन्नजवळ आलं, तर एक ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे किंवा मागचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर मेला आहे. सुदैवानं चॅनेल दोन असतात. एक चालू असला की दुसऱ्याच्या दुरुस्तीचा नकाशा शेजारीच तयार मिळतो: इथे किती व्होल्ट, तिथे किती, कुठे फरक पडला. स्टिरिओ दुरुस्त करणं रेडिओपेक्षा सोपं वाटतं ते याच्यामुळे.

निम्मं व्होल्टेज स्पीकरला जाऊन चालणार नाही, म्हणून मध्ये आणखी एक मोठा कॅपॅसिटर असतो, साधारण २२०० मायक्रोफॅरडचा. तो डीसी अडवतो आणि गाणं पुढे सोडतो. "पूर्वी काय बेस होता याला, आता पत्र्यासारखा वाजतो," ही तक्रार ऐकली की मी आधी याच्याकडे बघतो. आठ ओहमच्या स्पीकरबरोबर २२०० मायक्रोफॅरड असताना ९ हर्ट्‌झपर्यंतचा खर्ज सहज जातो. तोच कॅपॅसिटर वाळून ३०० वर आला, तर ६६ हर्ट्‌झच्या खालचं सगळं ढासळतं. डग्ग्याची घुमक तिथेच कुठेतरी राहते. म्हणजे स्पीकरही बरे, ट्रान्झिस्टरही बरे. चाळीस वर्षांत वाळलेली एक डबी तेवढी बदलायची.

ती बदलण्याचं काम जवळून पाहू. आधी खूण: नव्या कॅपॅसिटरच्या अंगावरची पट्टी उणे टोक दाखवते, काही जुन्यांवर मात्र अधिकची खूण असते. उलट बसला, तर फुटणारच. बोर्डाच्या मागून जुन्या डागावर सोल्डरिंग आयर्न टेका, पंचवीस ते चाळीस वॅटचं पुरतं. जुनं कथील चटकन वितळत नसेल, तर आणखी ताप देऊ नका. त्यावर थोडं नवं कथील आणि राळ द्या, नव्याच्या संगतीनं जुनं सुटतं. साठ-चाळीसचं कथील १९० अंशांच्या आतच पाणी होतं. वितळताक्षणी पंपानं ओढून घ्या. पाय मोकळा झाल्याशिवाय कॅपॅसिटर उपटायचा नाही, कारण त्या काळच्या बोर्डांवरची तांब्याची पट्टी सहज सोलून येते आणि मग दहा मिनिटांचं काम दुपारभर चालतं. नवा बसवून दिलेला डाग चकचकीत आणि उतरत्या कडांचा दिसला पाहिजे. गोळा होऊन मळकट बसला तर तो 'ड्राय सोल्डर'. आज वाजेल, पावसाळ्यात खरखरेल.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि अंगावर १०५ अंश लिहिलेला घ्या, ८५ चा नको. तापमान दहा अंशांनी उतरलं की कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे त्याच जागी १०५ चा, ८५ च्या चौपट टिकेल. दहिसरहून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला की सगळं मिळतं, पण डोळे उघडे ठेवून. पाय कापलेला, कथील लागलेला कॅपॅसिटर नवा म्हणून दिला तर घेऊ नका. २एन३०५५ दिसेल, पण टोपीवरची छपाई नखानं निघत असेल तर तो ट्रान्झिस्टरही सोडून द्या. नकली २एन३०५५ जगभर प्रसिद्ध आहेत. वरून टोपी तीच, आत सिलिकॉनचा तुकडा मात्र अस्सलाच्या पाव आकाराचा.

मग सगळेच कॅपॅसिटर बदलून टाकावेत का? हल्ली तशी रीत पडली आहे. सेट आला की शंभर कॅपॅसिटर एका बैठकीत उडवायचे आणि 'रिस्टोअर केला' म्हणून मिरवायचं. मला हे पटत नाही. शंभर कॅपॅसिटर म्हणजे चूक करायच्या दोनशे संधी, आणि नंतर सेट बोलला नाही तर दोष जुना की नवा हे कळायला मार्ग उरत नाही. मीटरवर मोजा. पॉवर सप्लायचे आणि आउटपुटचे बदला, ते राबलेले असतात. हीटसिंकच्या शेजारी भाजत राहिलेले बदला. फुगलेले, गळलेले अर्थातच. फिल्मचे आणि सिरॅमिकचे कॅपॅसिटर सहसा म्हातारे होत नाहीत, त्यांना उगाच छेडू नका. आणि दर दोन-तीन बदलांनंतर सेट सिरीज लॅम्पवर लावून बघा.

पॉवर ट्रान्झिस्टर बदलावा लागला, तर त्याच्याखालचा अभ्रकाचा पातळ तुकडा जपा. तो फाटला की टोपीवरची वीज थेट पत्र्यावर उतरते. दोन्ही बाजूंना पांढरी हीटसिंक पेस्ट लावा, पण पराठ्याला तूप लावल्यासारखी नको, पुसट. मग बायस, म्हणजे गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारी थोडीशी वीज, जुळवा. एमिटरचा रेझिस्टर ०.४७ ओहमचा असेल आणि त्याच्या दोन टोकांवर १० मिलिव्होल्ट दिसत असतील, तर ट्रान्झिस्टरमधून २१ मिलिॲम्पिअर वाहत आहेत. फार कमी ठेवलं तर हळू आवाजात सूर किरकिरे लागतात. फार जास्त ठेवलं तर हीटसिंकवर चहा गरम होतो. सेट अर्धा तास तापू द्या, मग शेवटचं जुळवा. जपानी सेटांत आउटपुटला कॅपॅसिटर बहुधा नसतो. तिथे स्पीकरच्या टोकांवर जवळजवळ शून्य डीसी हवं. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा.

आता खरखर. आवाजाचं बटण फिरवलं की कढईत मोहरी तडतडल्यासारखं वाजतं, ते कार्बनच्या पट्टीवरच्या धुळीमुळे. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत आणि बटण वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. दारांच्या बिजागऱ्यांना मारायचा स्प्रे इथे चालत नाही. तो तेलकट थर मागे ठेवतो आणि त्यावर आणखी धूळ बसते. इनपुट निवडायच्या खटक्यांचं दुखणं थोडं निराळं आहे आणि ते आपल्या भागाचं खास आहे. त्यांच्या पत्त्यांवर चांदीचा मुलामा असतो. भरती ओसरल्यावर दहिसरच्या खाडीकडून, तिवरांच्या चिखलातून जो ओळखीचा कुजकट वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. चांदीला तो काळं करतो. घरातली निरांजनं काळवंडतात तशीच. एक चॅनेल मध्येच गायब होतो, बटणाला टिचकी मारली की परत येतो, यामागे बऱ्याचदा हे काळं पुट असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी पुरते. सॅन्डपेपर कधीच नको, मुलामाच निघून जाईल.

पाण्याबद्दल वेगळं लिहायला हवं. राष्ट्रीय उद्यानातून निघून मनोरीच्या खाडीला मिळणारी दहिसर नदी २६ जुलै २००५ ला घरांत शिरली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. तळमजल्यावरचे कितीतरी सेट त्या गढूळ पाण्यात बुडाले, वाळवून माळ्यावर गेले आणि अजून तिथेच आहेत. अशा सेटचा ट्रान्सफॉर्मर बाहेरून कोरडा दिसतो, पण वाइंडिंगच्या थरांत गाळ आणि क्षार राहून गेलेले असतात. त्याला सिरीज लॅम्पवर लावण्याआधीच मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लावून घ्या. वाइंडिंग आणि लोखंड यांच्यामधला रोध ५०० व्होल्टला काही मेगओहमच्या खाली आला, तर ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळून घ्यायचा. मुंबईत हे काम करणारे अजून आहेत आणि चांगलं करतात.

ॲम्प्लिफायर शांतपणे तासभर चालला की मगच स्पीकर. आधी त्यांचीही परीक्षा. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, तारा स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. 'टक्' असा आवाज आला तर कॉइल जिवंत आहे. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिकला असताना पडदा पुढे आला पाहिजे. दोन्ही स्पीकरांत एकाच दिशेनं येत नसेल, तर कुणीतरी पूर्वी तारा उलट जोडल्या आहेत, आणि असा सेट कितीही चांगला असला तरी खर्ज पोकळ लागतो. मीटरवर आठ ओहमचा स्पीकर सहाच्या आसपास दाखवतो, ते बरोबर आहे.

पडद्याच्या कडेची फोमची कड दमट हवेत सडते. बोट लावलं की चिकट भुगा हाताला येतो. कापडाची किंवा कागदाच्या चुण्यांची कड असेल तर नशीब, ती टिकते. फोम बदलता येतो: जुना खरवडायचा, नवा गोंदानं बसवायचा आणि गोंद सुकेपर्यंत ३० हर्ट्‌झचा सूर हळू सोडून कॉइल चुंबकाच्या फटीत मधोमध ठेवायची, घासली तर खसखस ऐकू येते. गणपती-नवरात्राच्या साउंडवाल्यांचे स्पीकर रिकोन करणारे कारागीर उपनगरांत आहेत. त्यांच्याकडे द्यायला हरकत नाही, फक्त मंडपाच्या स्पीकरचा जाड, ताठ पडदा घरच्या वूफरला बसवू नका असं आधीच सांगा.

राहिला रेकॉर्ड प्लेअर. रबरी पट्टा असेल तर त्याचं डांबर झालेलं असतं. अल्कोहोलनं पुसून नवा घाला. रबरी चाकाचा असेल तर चाकाची कड कडक होते. मधल्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दोन नको.

आता तो हर्ट्‌झचा आकडा. जुन्या प्लेअरची एसी मोटर विजेच्या लयीवर फिरते. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ, अमेरिकेत ६०, आणि सौदीतही ६०. दुबईहून आलेला प्लेअर त्यामुळे इथे बिनतक्रार चालतो, सौदीहून आलेला मात्र ३३⅓ ऐवजी पावणेअठ्ठावीसच फेरे घेतो. काळी एकमध्ये गाणारा गवई काळी पाचपर्यंत खाली उतरतो आणि घरच्यांना वाटतं, रेकॉर्डच खराब झाली. मोटरवरची पितळी पुली ५० हर्ट्‌झची बदलून घेतली की तो जागेवर येतो. डीसी मोटरच्या किंवा टेक्निक्ससारख्या डायरेक्ट ड्राइव्ह प्लेअरला ही अडचण नाही.

वेग तपासायला कागदी चकती पुरते. १८० काळ्या रेघा समान अंतरावर छापलेली चकती तबकडीवर ठेवा आणि चोक असलेली जुनी ट्यूबलाइट लावा. ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. वेग बरोबर ३३⅓ असेल तर रेघा थिजल्यासारख्या दिसतात, पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. एलईडीच्या उजेडात हा प्रयोग बहुतेक वेळा फसतो.

सुईच्या बाबतीत कंजुषी नको. देशी प्लेअरांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं, चार ते सहा ग्रॅम वजनावर चालणारं. सुई मध्येच उड्या मारते म्हणून हेडवर चार आण्याचं नाणं ठेवायची रीत घरोघरी होती. त्यानं उड्या थांबतात, पण झिजलेली सुई त्या जादा वजनानिशी खोबणी कुरतडते, आणि ते नुकसान परत भरून येत नाही. नवी सुई लावा. उलटसुलट फिरणारी दुहेरी सुई असेल तर बाजू बघा: एलपीची बारीक, ७८ ची तिच्यापेक्षा तिप्पट जाड. बालगंधर्वांची लाखेची तबकडी एलपीच्या सुईनं वाजवली, तर सुई खोबणीच्या तळाशी घासते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवायची हौस असेल, तर त्याच्यातून निघतात जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट, सिरॅमिकच्या मानानं अगदीच क्षीण. तेव्हा वेगळा प्रीॲम्प्लिफायर लागणार, हे हिशेबात धरा.

लाकडी खोकं शेवटी. सागवानी पापुद्रा असेल तर ओलं फडकं आणि मग मेणाचं पॉलिश, बस्स. सनमायका असेल तर साबणाचं पाणी. चकचकीत लॅमिनेट चिकटवून 'नवा' करू नका.

सेट सुरू झाला की महिन्यातून एकदा तासभर लावा, पावसाळ्यात पंधरवड्यातून. आतून कोमट झाला की दमटपणा पळतो आणि कॅपॅसिटरांचा थरही शाबूत राहतो. माळ्यावर परत ठेवायचा असेल, तर मुळात ही खटपट करू नये.

शेवटी एक मागणी. जपानी आणि युरोपीय सेटांचे सर्किट डायग्राम शोधले की सापडतात. गाळ्यांत जुळवलेल्या आपल्या सेटांचे मात्र सहसा सापडत नाहीत. ते असले तर खोक्याच्या तळाला आतून चिकटवलेल्या पिवळ्या कागदावर किंवा गॅरंटी कार्डाच्या पाकिटात असतात. तुमचा सेट दुरुस्त करायचा नसेल, भंगारवाल्यालाच द्यायचा असेल, तरी त्याआधी तो कागद शोधा, सरळ उजेडात त्याचा फोटो काढा आणि ओळखीच्या एखाद्या मेकॅनिकला पाठवून द्या. त्याच्या टेबलावर त्याच नावाचा दुसरा सेट पडलेला असू शकतो.